सासूबाईंच्या खांद्याची हद्द

माणसाचं कोपर मागे वळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉम्प्युटरला मात्र ठाऊक नसतं. त्याला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं की बाबा रे, गुडघा एवढाच वाकतो, मान एवढीच वळते, यापुढे गेलास तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. हे सांगण्याचीच नोकरी करणारा एक माणूस होता. ऑफिसात त्याला सगळे बिजागरी म्हणत.

ऑफिस कार्टून सिनेमे बनवायचं. तिथे एक जण पात्राचं शरीर घडवी, कुंभारासारखं. मग बिजागरी त्या शरीरात हाडं घाली, सांधे बसवी आणि एकेका सांध्याला हद्द आखून देई. त्यानंतर ॲनिमेटर मंडळी त्या पात्राला पळवत, नाचवत, झाडावर चढवत. म्हणजे मजा सगळी त्यांची, आणि ‘बास, इथपर्यंतच’ म्हणायचं काम याचं. अशा माणसाला चहाला कुणी आपणहून बोलावत नाही. तो स्वतःच जाऊन बसायचा.

पहिल्या नोकरीत त्याने एका राजाचं कोपर मोकळं सोडलं होतं. जाहिरात दंतमंजनाची होती. राजा ऐटीत ब्रश तोंडाकडे नेतो, तोच त्याचा हात उलटा दुमडून ब्रश मानेमागे जातो, आणि राजा हसतच राहतो. जाहिरात एकदाच दाखवली गेली. ती पाहिलेली काही पोरं बरेच दिवस दात घासायला तयार नव्हती म्हणे. तेव्हापासून बिजागरीने हद्दीचं काम जिवापाड धरलं. हाडांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दोन पट्ट्यांचा कोनमापक त्याने घेतला आणि तो पेनासारखा खिशात बाळगू लागला. बसमध्ये तो लोकांच्या गुडघ्यांकडे बघे. समारंभात फोटो काढणाऱ्याच्या मनगटाकडे बघे. लग्न ठरण्याआधी पहिल्याच भेटीत तो बायकोला म्हणाला होता, “तुमचं कोपर सरळ रेषेच्याही थोडं पुढे जातं. फार कमी लोकांचं जातं.” तिला ती तारीफ वाटली. खरं तर त्याच्या तोंडून तेवढीच तारीफ निघणार होती, पण हे कळेपर्यंत लग्न झालेलं होतं.

तर या बिजागरीच्या घरी सासूबाई आल्या, खांदा घेऊन.

त्या मुलाकडे राहायच्या. तिथे न्हाणीघरात पाय घसरून उजव्या खांद्याला मार बसला. व्यायाम करून घेणारी बाई लेकीच्या घराजवळ होती, म्हणून काही दिवसांकरता त्या इकडे आल्या. घरात दोनच खोल्या. आतली त्यांना दिली, आणि बिजागरीचं घरचं टेबल, कॉम्प्युटर, खुर्ची सगळं बाहेर आलं, चपलांच्या कपाटाला खेटून. काम करताना त्याच्या पाठीमागून माणसं चपला काढत आणि घालत. ‘हात वर गेला की परत नेतो’ असं मेहुणा सांगून गेला होता. त्यामुळे सासूबाईंचा हात वर जाण्याची सगळ्यात जास्त आस कुणाला असेल, तर ती जावयाला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. इथे मुंगी वाटेत बसून राहिली होती. महिने उलटले तरी हात खांद्याच्या वर जाईना. फळीवरचा डबा काढायचा झाला की सासूबाई हाक मारत, “जावईबापू, जरा.” जावईबापू उठत आणि डबा काढत.

त्यात ऑफिसात नव्या सिनेमाचं काम आलं. त्यात एक आजी होती. बिजागरीला वाटलं, देव पावला. वयाला साजेसा खांदा आयताच घरात आहे. त्याने रीतसर परवानगी घेऊन सासूबाईंना मोजायला सुरुवात केली. हात खाली लोंबता असला की शून्य, खांद्याच्या रेषेत आडवा आला की नव्वद, सरळ आभाळाकडे गेला की एकशे ऐंशी. सासूबाईंचा आकडा सकाळी ऐंशी येई. संध्याकाळी मेहुण्याचा फोन येऊन गेला की साठ. एकदा तर डावाच हात दुखायला लागला आणि उजवा सहज कानापर्यंत गेला. बिजागरीने कोनमापकाचा स्क्रू घट्ट केला. दोष हत्याराचा असणार, सासूबाईंचा कसा असेल? शेवटी त्याने सगळ्यात कमी आकडा धरला आणि आजीचा खांदा तिथे कुलूपबंद करून टाकला.

सिनेमात एक प्रसंग होता. चोर खिडकीतून उडी मारून पळतो आणि आजी त्याला चप्पल फेकून मारते. सगळी गोष्टच त्या चपलेवर फिरायची होती. पण आजीचा हात खांद्याच्या खालीच अडे. चप्पल चोराला लागायच्या ऐवजी आजीच्याच पायाशी पडे. घालायला सोयीचं होतं, पण गोष्टीला उपयोग नव्हता.

“ही चप्पल मारतेय की चपलेला निरोप देतेय?” ॲनिमेटर पोरगी म्हणाली. ती त्याच्या शेजारच्या टेबलावर बसे आणि तिच्या तोंडाला कुणी हद्द घातलेली नव्हती.

“या वयात खांदा एवढाच जातो,” बिजागरी म्हणाला. “मी घरी मोजलाय.”

“कुणाचा?”

“सासूबाईंचा.”

“आणि त्या मोजू देतात? माझी सासू मला घड्याळात किती वाजले ते बघू देत नाही.”

दिग्दर्शक शांत स्वभावाचा होता. त्याने शांतपणेच सांगितलं, “पोरांना हसू यायला हवंय, कीव नाही. खऱ्या बाईचा चप्पल मारतानाचा व्हिडिओ आण. जमत नसेल तर सांग, आजीचे सगळे सांधे मोकळे सोडू.”

सगळे सांधे मोकळे. बिजागरीच्या डोळ्यांपुढे तो राजा ब्रश घेऊन हसत उभा राहिला. त्याने जेवणाची सुट्टी झाल्या झाल्या घर गाठलं. सासूबाईंना जमेल तेवढा हात वर करायला लावून व्हिडिओ काढायचा आणि दिग्दर्शकाच्या तोंडावर मारायचा, असा बेत होता.

दार त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं. दारातून समोर गॅलरी दिसत होती. गॅलरीतल्या दोरीवर एक कबुतर बसलं होतं, खाली धुतलेली चादर होती, आणि कबुतराच्या मनात काय आहे ते कबुतराएवढंच सासूबाईंनाही कळलं होतं. त्यांनी पायातली चप्पल काढली, डावा पाय पुढे टाकला, कंबर मागे वळवली, आणि उजवा हात कानामागून सरळ वर जाऊन असा सुटला की कबुतर चादर, दोरी आणि बहुधा तो परिसर कायमचा सोडून गेलं.

इथे कुणाच्याही मनात आधी आलं असतं की ही बाई इतके दिवस आपल्याला फसवतेय. बिजागरीच्या मनात आधी आलं, गळ्याचं हाड. हात वर जाताना गळ्याशी असतं ते आडवं हाडही वर उचललं जातं, आणि आजीमध्ये आपण ते जागेवर ठोकून ठेवलंय. एवढं झाल्यावर मग दुसरा विचार आला, दमाने.

सासूबाई वळल्या. जावई दारात उभा.

“कधी आलात?”

“चप्पल सुटायच्या आधी.”

सासूबाईंनी क्षणभर हात खांद्यावर ठेवून कण्हायची तयारी केली, पण मग सोडून दिली. फेकलेली चप्पल उचलून आत येऊन खुर्चीवर बसल्या. “मग लावा फोन छोटूला. घेऊन जा म्हणावं.”

छोटू म्हणजे मेहुणा. घरात त्याला अजून छोटू म्हणत, आणि तो दारातून आत येताना जरा तिरका होई.

“पण का, आई?” बिजागरीने विचारलं. “तिकडे काही त्रास आहे का?”

“कसला त्रास? सगळे गुणी आहेत, हाच त्रास. पाण्याचा पेला उचलला तरी दोघं धावत येतात. आई, तुम्ही बसा. आई, वाकू नका. आई, उठू नका. सून तर माझ्या आधी माझी खोकल्याची उबळ ओळखते. बसून बसून माणसाचं लोणचं होतं.” त्यांनी चपलेची जोडी जुळवली. “इथे बरंय. तुम्ही दोघं सकाळी निघून जाता, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मी पलंग सरकवून झाडते, पंखा पुसते, पडदे काढून धुते. अंग कसं मोकळं राहतं.”

“पडदे तुम्ही धुता?”

“मग काय, आपले आपण धुवून निघतात?”

बिजागरी मटकन चपलांच्या कपाटावर बसला. पूर्वी त्या घरात दर सुट्टीच्या दिवशी पडदे, पंखे आणि कोळ्याची जाळी यांवरून जे युद्ध पेटे, ते काही महिन्यांपासून थंड झालं होतं. त्याला वाटे, बायको गुपचूप करतेय, बिचारी बोलून दाखवत नाही. तो तिच्याशी जास्त प्रेमाने वागू लागला होता. तीही गेले काही महिने त्याच्याकडे जरा वेगळ्याच मायेने बघे. ती का, ते आता कळलं. तिला वाटत होतं, हा करतोय.

टेबल चपलांपाशी राहिलं तर राहिलं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सासूबाई गेल्या तर पंखाच धुळीत जाणार नव्हता, अख्खा संसार जाणार होता.

“छोटूला मी काही सांगत नाही,” तो म्हणाला. “पण तुम्ही एकदा तशीच चप्पल मारा. मला व्हिडिओ हवाय.”

“कबुतर गेलं. हवेत मारायला मी काय वेडी आहे?”

“मला मारा.”

“जावयाला? लोक काय म्हणतील?”

“लोकांना बोलवायचंच नाही.”

त्याने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी चप्पल मारली. पण ती जावयाला मारलेली चप्पल होती. आदबीने आली, गुडघ्याला लागली आणि माफी मागून बसल्यासारखी पडली.

“असं नाही, आई. खांदा उघडला नाही. मनापासून यायला हवं.”

“मनापासून राग यावा असं तुम्ही काही केलेलं नाही. तसे निरुपद्रवी आहात.”

दुसरीही तशीच गेली. तिसरीला बिजागरीने जिवावर उदार होऊन म्हटलं, “एक सांगू? चहा मात्र तुमच्यापेक्षा तुमची सून चांगला करते.”

कान दोन दिवस लाल होता. व्हिडिओ उत्तम आला.

ऑफिसात ॲनिमेटर पोरगीने तो तीनदा मागे नेऊन पाहिला आणि स्वतःची खुर्ची जरा मागे सरकवली. बिजागरीने आजीचा खांदा उघडला, गळ्याचं हाड सोडवलं, कंबरेला वळण दिलं, आणि कुठल्याही सांध्याला एक अंशही फुकट दिला नाही. चप्पल चोराच्या मागे अशी सुसाटली की दिग्दर्शकाने नकळत डोकं खाली वाकवलं.

घरी मात्र नवं प्रकरण उभं राहिलं. बायको फोनवर भावाला सहज बोलून गेली की आई हल्ली बरी दिसते. छोटू म्हणाला, रविवारी येतो, बघतो, आणि हात शंभराच्या वर जात असेल तर घेऊनच जातो.

“त्यात काय,” सासूबाई जावयाला हळूच म्हणाल्या. “कण्हते ना मी.”

“दाखवा बरं कशा कण्हता.”

त्यांनी हात जरासा हलवला, तोंड वाकडं केलं आणि जीव गेल्यासारख्या कळवळल्या. बिजागरीला इतकं वाईट काम बघवेना. यात लबाडी आहे, याचं त्याला काही वाटलं नाही. ती लबाडी निष्काळजीपणे केलेली होती, याचं वाटलं.

“आई, हात ऐंशीला अडतो ना? तुम्ही तिसालाच ओरडताय. तिथपर्यंत काही दुखत नाही, गप्प यायचं.”

“बरं.”

“आणि एक कुठला तरी खांदा धरा. कधी डावा, कधी उजवा, हे कसं चालेल?”

“दोन्ही दुखतात म्हटलं तर?”

“उद्याच नेईल तो. आणि सगळ्यात मोठी चूक ऐका. खांदा खरंच अडला ना, की माणूस हात वर न्यायला कंबरेतून वाकतो. विरुद्ध बाजूला झुकतो. खांदा कानाकडे चढतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. तुम्ही ताठ राहता आणि फक्त तोंड वाकवता. खांदा तोंडात नसतो.”

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना एकदम गोडी लागली. मग संध्याकाळी बायको यायच्या आत दोघांची तालीम चाले. बिजागरी कोनमापक लावून बसे, सासूबाई झुकत, खांदा चढवत, ओठ आवळून धरत. नंतर नंतर त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांकडे बघून सांगू लागल्या, “तो बघा, पिशवी खांद्याला लावताना झुकला. त्याचा गेलेला आहे.” जावयाला भरून आलं. एवढ्या वर्षांत त्याच्याशी खांद्याबद्दल आपणहून बोलणारं माणूस घरात पहिल्यांदाच भेटलं होतं.

रविवारी छोटू आला. हातात एक भलीमोठी मऊ उशी होती, आईच्या पाठीला. आल्या आल्या म्हणाला, “आई, तुझी खोली नवी लावून घेतलीय. पाणी, औषध, चष्मा, टीव्हीचा रिमोट, सगळं पलंगावरून हाताशी येतं. तुला उठायचंच काम नाही.” हे तो इतक्या प्रेमाने बोलला की सासूबाईंचा चेहरा पडला, आणि तो पडला हे प्रेमापोटी त्याला दिसलं नाही. “भाऊजी, तुम्ही मोजता ना? लावा बरं.”

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. बिजागरीने कोनमापक काढला. आजवर त्याने एका अंशाचीही थाप मारलेली नव्हती. सासूबाईंनी हात उचलला. तिसाला गप्प, साठाला गप्प, मग खांदा कानाकडे सरकला, कंबर डावीकडे झुकली, ओठ आवळले, आणि हात कुलूप लावल्यासारखा थांबला. बिजागरीने वाकून वाचलं.

“ब्याऐंशी.”

आकडा अगदी खरा होता. खांदा तेवढा खोटा होता, पण तो त्याच्या खात्यात येत नव्हता.

“मग राहू दे अजून,” छोटू खट्टू होऊन म्हणाला. “डॉक्टर म्हणतातच, घाई नको.” बायकोने चहा ठेवला. सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, जसं परीक्षेतून बाहेर पडलेलं पोर शिकवणीच्या मास्तरांकडे बघतं. सगळं सुखरूप पार पडलं होतं.

छोटूने उशी उचलली. “ही वर ठेवून देतो, खाली अडचण होईल,” म्हणत तो भिंतीकडच्या उंच कपाटापाशी गेला आणि हात वर केला.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“कंबर का वाकली तुझी?”

“कुठे?”

“पुन्हा कर. कर म्हणते ना. बघा हो जावईबापू, झुकतोय. खांदा कानाला लागला.” छोटूने तोंड वाकडं केलं नव्हतं, फक्त ओठ आवळले होते. उशी अर्ध्या वाटेवर अडली होती. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, तरातरा गेल्या, त्याच्या हातातली उशी काढून घेतली आणि टाचा न उचलता, दोन्ही हात सरळ वर नेऊन कपाटावर टाकून मोकळ्या झाल्या. “कधीपासून आहे हे?”

खोलीत सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते. हात अजून वरच होते.

“आई,” छोटू म्हणाला, “तुझा हात.”

“माझ्या हाताचं मागून. तुझा कधीपासून जात नाही ते सांग.”

“जातो की.”

“जावईबापू, लावा ती पट्टी.”

बिजागरीने लावली. छोटूचा आकडा सत्तरच्या आत आला. एवढा मोठा माणूस ओशाळून खाली बघू लागला. हळूहळू बाहेर आलं की बरेच महिने झाले, ऑफिसात बसून बसून धरला असावा, आईला न्हाणीघरातून उचलताना आणखी लचकला. घरी सांगितलं नाही, उगाच सगळे काळजी करतील. शर्ट घालायला खोलीचं दार लावून घ्यायचा.

“म्हणजे तुझा हात वर जात नाही आणि तू माझ्यासाठी उशा वाहतोस,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “आणि तुझ्या घरी वरच्या फळीवरचं काढतं कोण?”

“तिचा हात पुरत नाही. मी स्टुलावर चढतो.”

“स्टुलावर. एका हाताने. वा.”

“पण आई,” लेक मध्येच म्हणाली, “तू गेले कित्येक महिने मला भांग पाडायला लावतेस. माझी रोज बस चुकते.”

“चांगला पाडतेस,” सासूबाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

छोटूने भाऊजींकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“मी आकडा बरोबरच सांगितला,” बिजागरी म्हणाला. कोनमापक खिशात घालायला गेला, तर पट्टी दोनदा खिशाच्या बाहेरच गेली.

आतून पलंग सरकल्याचा आवाज आला. मग सासूबाई बाहेर डोकावल्या. “जावईबापू, खांदा मोकळा करायला काय काय करायला लावतात ते तुम्हाला ठाऊक असेल ना?”

“भिंतीवर बोटांनी चढायचं. रोज थोडं थोडं. दुखलं की थांबायचं.”

“दुखतंय असं तो खोटंच म्हणाला तर?”

“कंबर बघायची.”

“ते येतं मला,” सासूबाई म्हणाल्या. “तिकडे आता वरच्या फळीचं मी बघेन. आणि कुणी मला बस म्हणालं तर त्याने आधी आपला हात वर करून दाखवायचा.”

“आई, आज लगेच कशाला,” बिजागरी काकुळतीला आला. “पुढच्या सिनेमात एक पैलवान बाई आहे. तिची पाठ, मांड्या, सगळं मोजायचं राहिलंय.”

“फोनवर बघू. तुम्ही चहाबद्दल परत काही बोलू नका, म्हणजे झालं.”

त्यांची बॅग कपाटाच्या माथ्यावर होती, उशीच्या मागे. त्यांनी उशी खाली फेकली, ती नेमकी छोटूच्या मांडीवर पडली, आणि मग बॅगेला हात घातला. छोटू अर्धवट उठला. सासूबाईंनी वळून नुसतं पाहिलं. तो उशी धरून परत बसला, आणि बाकीचे दोघेही जागचे हलले नाहीत.